वर्गणी काढण्याआधी आराखडा काढा

वाचकाचे पत्र : मी शिवणकाम करते. यजमान सातपूरला एका कारखान्यात आहेत. मुलगी पालिकेच्या शाळेत सहावीत आहे आणि यंदा मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतले आहे. आमच्या शाळेचा पट ६४० आहे. पिण्याच्या पाण्याच्या सहा तोट्या आहेत, त्यांतल्या दोन चालू आहेत. दीड किलोमीटरवर दुसरी शाळा आहे, तिचा पट २६०. तिला एका कंपनीने संगणक कक्ष आणि नवी स्वच्छतागृहे बांधून दिली. आम्ही विचारले की ‘निधी नाही’ असे ऐकायला मिळते. काही पालक म्हणतात, मुलामागे पाचशे रुपये वर्गणी काढू. काही म्हणतात, मोर्चा नेऊ. मुख्याध्यापक बाई चांगल्या आहेत, त्यांना त्रास होऊ नये असे वाटते. समितीची बैठक दहा मिनिटांत आटोपते आणि आम्ही वहीत सही करून घरी येतो. आम्ही नेमके काय करावे? – एक पालक, नाशिक

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या दोन आकड्यांनी माझे अर्धे काम करून टाकले आहे. ६४० मुले आणि दोन चालू तोट्या, म्हणजे एका तोटीमागे ३२० मुले. छोटी सुट्टी दहा मिनिटांची धरली तर एका मुलाच्या वाट्याला पाणी पिण्यासाठी दोन सेकंदही येत नाहीत. एवढे एक वाक्य अर्जात असेल, तर त्यावर ‘निधी नाही’ असा शेरा मारताना समोरच्या अधिकाऱ्याचा हात थोडा तरी अडखळेल. ‘शाळेत पाण्याची गैरसोय होत असून निधी मिळावा ही नम्र विनंती’ या वाक्याने तसे होत नाही. मी स्वतः पुष्कळ वर्षांपूर्वी मुलाच्या शाळेसाठी एका कार्यालयात असाच मोघम अर्ज देऊन आलो होतो. दोन महिन्यांनी ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल’ अशी एका ओळीची चिठ्ठी आली, आणि त्या ओळीवर पुढे काय विचारावे हेच मला सुचेना, कारण मुळात माझ्याच अर्जात उत्तर द्यावे असे काही नव्हते.

वर्गणीचा विषय आधी मिटवू. तोट्या बदलायला फार पैसे लागत नाहीत आणि तेवढ्यापुरते कोणी स्वखुशीने दिले तर त्यात गैर काहीच नाही. परंतु मुलामागे रक्कम ठरवून वर्गणी लावणे मला मान्य नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३ नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाकडून, त्याचे शिक्षण अडेल असे कोणतेही शुल्क वा खर्च घेता येत नाही, हा झाला कायद्याचा भाग. दुसरा भाग व्यवहाराचा आहे. ज्या वस्तीत पाचशे रुपये सहज निघतात तिथली शाळा वर्गणीने सुधारते, आणि ज्या वस्तीत ती रक्कम म्हणजे दोन दिवसांचा किराणा असतो तिथली शाळा आहे तशीच राहते. मग लोकसहभाग या गोंडस नावाखाली शाळाशाळांमधले अंतर आपणच वाढवत नेतो. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात त्यांचा मुद्दा हाच होता की सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या पदरात पडतो. सव्वाशेहून अधिक वर्षांनीही प्रश्न पैशांच्या एकूण रकमेइतकाच तो कोणाच्या वाट्याला किती जातो हा आहे.

आता ‘निधी नाही’ या उत्तराकडे वळू, कारण ते उत्तर बहुधा पूर्ण खरेही नसते आणि पूर्ण खोटेही नसते. समग्र शिक्षा या योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्याचे निकष पटाच्या पायऱ्यांवर ठरलेले आहेत : ३१ ते १०० विद्यार्थ्यांना २५ हजार रुपये, १०१ ते २५० विद्यार्थ्यांना ५० हजार, २५१ ते १,००० विद्यार्थ्यांना ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख. तुमच्या शाळेचा पट ६४० आणि शेजारच्या शाळेचा २६०, पण दोन्ही शाळा एकाच पायरीवर बसतात. निकषाप्रमाणे दोघींनाही ७५ हजार. म्हणजे तिकडे एका मुलामागे सुमारे २८८ रुपये आणि तुमच्याकडे सुमारे ११७. या अनुदानातली किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी खर्च करायची असते. ती साडेसात हजार होते, म्हणजे महिन्याला ६२५ रुपये, आणि त्यात ६४० मुलांच्या स्वच्छतागृहांचे फिनाईल, झाडू व किरकोळ दुरुस्ती बसवायची. यात कोणी पैसे खाल्लेले नाहीत आणि कोणी नियमही मोडलेला नाही. सर्वांना सारखे दिले म्हणजे सर्वांना न्याय्य मिळाले असे होत नाही, हे सांगायला तुम्हाला याहून चांगले उदाहरण शोधून मिळणार नाही. मात्र हे निकष आहेत. प्रत्यक्ष रक्कम किती आली आणि कोणत्या महिन्यात आली, ते समितीच्या बँक पुस्तकात पाहा. मार्चमध्ये आलेले अनुदान जूनमधल्या गळक्या छताला उपयोगी पडत नाही.

हे झाले केंद्र आणि राज्य मिळून ६० : ४० या प्रमाणात देतात त्या योजनेचे. शाळेच्या इमारतीचा, पाण्याचा, विजेचा आणि मोठ्या दुरुस्तीचा भार मुख्यतः पालिकेच्या अंदाजपत्रकावर असतो, आणि पालक तिथेच चुकतात, कारण ते शिक्षण विभागाच्या पानावरच बोट ठेवून बसतात. त्या पानावरची बहुतेक रक्कम वेतनाची असते. छताची गळती बांधकाम विभागाच्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या त्यांच्या खर्चाच्या खात्यात, असू शकते, नळजोडणी पाणीपुरवठा विभागाकडे आणि पंखे विद्युत विभागाकडे. त्यामुळे शिक्षण विभागातला लिपिक ‘आमच्याकडे निधी नाही’ म्हणतो तेव्हा तो प्रामाणिकपणे आपल्या पानापुरते बोलत असतो. पुढचा प्रश्न तुम्ही विचारायचा : मग कोणाच्या लेखाशीर्षाखाली आहे, आणि त्यात शाळांसाठी किती धरले आहेत? अंदाजपत्रक हाती घेतलेत तर त्यात साधारणपणे मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने दिसतील. वर्तमानपत्रात बातमी येते ती शेवटच्या रकान्याची. तुम्ही पहिला रकाना वाचा. शाळा दुरुस्तीला एक कोटी धरले आणि वर्षअखेर वीस लाखच खर्च झाले असे तिथे दिसले, तर तुमची मागणी ‘तरतूद वाढवा’ ही नसून ‘धरलेले पैसे का खर्च झाले नाहीत’ ही आहे, आणि या दुसऱ्या प्रश्नाला ‘निधी नाही’ हे उत्तर देताच येत नाही.

घरपट्टीच्या बिलावर शिक्षण कराची ओळ असते, म्हणून ‘आम्ही शिक्षण कर भरतो, तो आमच्या शाळेला द्या’ असे काही पालक हमखास म्हणतील. राज्य शासनाचा शिक्षण कर १९६२ च्या कायद्यानुसार पालिका फक्त वसूल करते आणि तो राज्याकडे जमा होतो. सभेत हा मुद्दा काढून समोरच्याला सहज खोडता येईल असे हत्यार त्याच्या हाती देऊ नका.

तुमच्या हातात खरोखर वजनाचा कागद एकच आहे, तो म्हणजे शाळा विकास आराखडा, आणि तो तुम्ही बहुधा पाहिलेलाही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. अनुदान कसे खर्च होते यावर लक्ष ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही या समितीची कामे आहेत. कलम २२ त्यापुढे जाऊन म्हणते की शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने करायच्या योजना आणि द्यायची अनुदाने यांना हाच आराखडा आधार असेल. म्हणजे तुम्ही दहा मिनिटांत सही करून येता त्या बैठकीत, कायद्याच्या दृष्टीने, तुमच्या शाळेच्या पैशांची मागणी तयार व्हायला हवी. आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात दर वर्षाचा वेगळा भाग असतो : कोणत्या इयत्तेत किती मुले असतील, किती शिक्षक कमी पडतील, कोणत्या भौतिक सुविधा हव्यात आणि त्याला किती पैसे लागतील. पुष्कळ ठिकाणी मागच्या वर्षीच्याच आराखड्यावर तारीख बदलली जाते. तुमच्याकडे तसे असेल तर कोणावर राग काढू नका. वही उघडून नव्याने मोजायला बसा.

मोजणे म्हणजे अक्षरशः मोजणे. कायद्याच्या अनुसूचीत दिलेल्या गोष्टी आधाराला घ्या : मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, सर्व मुलांना पुरेल असे सुरक्षित पिण्याचे पाणी, अडथळामुक्त प्रवेश, मैदान, ग्रंथालय, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, आणि सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक, त्यांत गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी प्रत्येकी एक तरी. दोन आया शाळा सुटण्याच्या वेळी जाऊन स्वच्छतागृहांची दारे आतून लागतात की नाही हे बघून येतील, तर त्यांना जे कळेल ते कोणत्याही तपासणी अहवालात मिळणार नाही. कडी नसलेल्या दारापाशी मैत्रिणीला उभे करून आत जाणारी मुलगी सरकारी माहितीत ‘स्वच्छतागृह उपलब्ध’ या रकान्यातच मोजली जाते. युडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या शाळेची माहिती पाहा आणि तुमच्या मोजणीशी ताडून बघा; सहा तोट्या ‘उपलब्ध’ असल्याची नोंद असेल तर दोनच चालू आहेत हे आधी तिथे दुरुस्त व्हायला हवे, कारण वरच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला तुमची शाळा त्या नोंदींतूनच दिसते.

शिक्षकांचा विषय मी मुद्दाम वेगळा काढतो आहे, कारण शाळेवर होणाऱ्या खर्चाचा सर्वांत मोठा हिस्सा शिक्षकांच्या रूपानेच शाळेत येतो. शिक्षकांची पदे संचमान्यतेने, म्हणजे पटावरून शाळेला पदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेने, ठरतात आणि तिथे ३० सप्टेंबरचा पट आणि त्या पटातल्या मुलांचे आधार जुळलेले असणे यांना महत्त्व आहे. आता आपल्या भागाचे वास्तव पाहा. पाऊस ओसरला की पेठ, सुरगाणा तालुक्यांकडची कुटुंबे कामासाठी खाली उतरतात. कोणी द्राक्षबागांच्या छाटणीला, कोणी शहरात बांधकामावर. त्यांची मुले ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तुमच्या शाळेत येऊन बसतात, म्हणजे पट मोजून झाल्यावर. वर्गात ती असतात, बाकावर असतात, पण शिक्षकांच्या पदांच्या हिशेबात नसतात. तुमच्या वस्तीत अशी मुले असतील तर ती महिनावार किती आली आणि किती गेली याची नोंद समितीने ठेवावी आणि आराखड्याला जोडावी. ज्या शाळांत असा चढउतार जास्त आहे त्यांना तात्पुरत्या शिक्षकाची वा जादा अनुदानाची मागणी करण्यासाठी याहून भक्कम पुरावा नाही. शिवाय ३० सप्टेंबरच्या आधी, आधारच्या नावात एका अक्षराची चूक राहिलेल्या मुलांची यादी बाईंकडून घेऊन त्या घरी जाणे हे काम पालकच सर्वांत चांगले करू शकतात.

हे सगळे एका शाळेपुरते केलेत तर फार तर तोट्या मिळतील. तुम्ही लिहिले आहे की शेजारच्या शाळेला मिळाले आणि आम्हाला नाही. हे वाक्य मनात असू द्या, पण कागदावर येऊ देऊ नका. ते लिहिले की त्या शाळेतले पालक तुमच्या विरोधात जातात आणि भांडण दोन गरीब वस्त्यांमध्ये लागते. उलट त्या शाळेच्या समितीला सोबत घ्या. आपल्या शहरात नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि नवीन नाशिक असे सहा विभाग आहेत. तुमच्या एका विभागातल्या सात-आठ शाळांच्या समित्यांमधून दोन-दोन पालक एकत्र आले तरी पुरे. त्यासाठी संस्था नोंदवायची, अध्यक्ष-सचिव नेमायचे, पावती पुस्तके छापायची काही गरज नाही. आपल्याकडे मंडळ स्थापन झाले की पहिले सहा महिने पदांच्या वाटपात जातात. एका ताव कागदावर रकाने आखा : शाळा, पट, चालू तोटी एकीला किती मुले, वापरण्याजोगे स्वच्छतागृह एकाला किती मुली, शिक्षक एकाला किती मुले, आणि गेल्या तीन वर्षांत बाहेरून मिळालेली मदत. मग मागणी अशी लिहा : दुरुस्ती आणि देखभालीची तरतूद आधी, अनुसूचीतले किमान निकष ज्या शाळांत पूर्ण होत नाहीत त्यांना, त्यानंतर उरलेली रक्कम पटाच्या प्रमाणात, आणि स्थलांतरित व दिव्यांग मुले जास्त असतील तिथे त्यावर काही अधिक. या क्रमात एखाद्या वर्षी तुमची शाळा तिसरी आली तरी तो क्रम तुम्ही मानायचा, हे आधीच आपसात ठरवून घ्या.

कंपन्यांच्या मदतीबद्दलही याच कागदातून बोलता येईल. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि आपल्या इथे सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहती असल्यामुळे शाळांना संगणक, बाक आणि रंग देणारे पुष्कळ आहेत. दाता स्वाभाविकच जवळच्या, मुख्य रस्त्यावरच्या, किंवा ओळखीचे शिक्षक असलेल्या शाळेत जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शिक्षण विभागाने गरजेनुसार क्रम लावलेली शाळांची यादी जाहीर ठेवावी आणि मदत करू इच्छिणाऱ्याच्या हाती ती पहिल्याच भेटीत द्यावी, एवढी मागणी करा. तिला पैसा लागत नाही, म्हणून ती लवकर मान्य होण्यासारखी आहे.

वेळेचे भान मात्र काटेकोरपणे ठेवा. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात आणि तिथून ते महासभेपुढे जाते, पण त्याच्या कितीतरी आधी विभागांच्या मागण्या गोळा होऊन आकडे जुळवले गेलेले असतात. फेब्रुवारीत मोर्चा नेणे म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणे. आराखडा आणि तो एकत्रित कागद नोव्हेंबरअखेर तयार ठेवा, डिसेंबरमध्ये द्या. शिक्षण विभाग, आयुक्तांचे कार्यालय आणि तुमच्या प्रभागाचे नगरसेवक अशा तिन्ही ठिकाणी प्रत द्या, आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय राजीव गांधी भवनाची, म्हणजे पालिकेच्या मुख्यालयाची, पायरी उतरू नका. कोणी म्हणेल की पूर्वी पालिकेचे वेगळे शिक्षण मंडळ होते तेव्हा बरे होते, कोणी म्हणेल की २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा होऊन जाऊ द्या, मग शाळांचे बघू. सिंहस्थाच्या कामांची लेखाशीर्षे वेगळी असतात एवढे शांतपणे सांगा, आणि तुमच्या मुलीची सहावी त्यासाठी थांबणार नाही हेही.

जी माहिती तोंडी मिळत नाही ती माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, आणि आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा व साधारण १५० शब्दांच्या आत. ‘गेल्या तीन आर्थिक वर्षांत अमुक विभागातील पालिका शाळांच्या दुरुस्ती व देखभालीवर झालेला शाळानिहाय खर्च, लेखाशीर्षासह’ एवढी एक ओळ पुरते. ‘भ्रष्टाचाराची चौकशी’ असले शब्द अर्जात घालू नका. माहिती मिळण्याआधीच समोरचा बचावाला उभा राहतो.

मोर्चाला माझा तात्त्विक विरोध नाही, पण तो उत्तर न मिळाल्यावर काढायचा असतो, आणि उत्तर मिळाले नाही हे सिद्ध करायला आधी शिक्क्याच्या प्रती लागतात. त्याआधीची एक पायरी बहुतेकांना माहीत नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार मुलाच्या हक्काबाबतची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो, आणि समाधान झाले नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. पिण्याचे पाणी आणि मुलींची स्वच्छतागृहे हे दोन विषय या कलमाखाली ठामपणे बसतात. आणखी एक पथ्य पाळा : निवडणुकीच्या तोंडावर कोणी तुमच्या कागदावर आपल्या पक्षाचे नाव छापून आणले, तर आभार मानून तो परत करा, आणि तोच कागद सर्व उमेदवारांना एकाच दिवशी द्या.

राहिला बाईंचा प्रश्न. मुख्याध्यापक या समितीच्या सचिव असतात, अध्यक्ष मात्र पालकांमधून असतो. पालिकेची नोकरी करणाऱ्या माणसाने वरिष्ठांकडे तक्रार करणे आणि समितीने ठराव करून मागणी पाठवणे यात मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात बाई फक्त ठराव पुढे पाठवतात, आणि ते त्यांचे कामच आहे. म्हणून बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे जा, मोजणीचा कागद दाखवा, त्यांच्या माहितीप्रमाणे आकडे तपासून घ्या. त्यांनाही या सहा तोट्यांची काळजी तुमच्याइतकीच असेल, कदाचित अधिक, कारण पाण्यावाचून घेरी आलेले मूल आधी त्यांच्याच खोलीत आणून बसवले जाते.

पुढच्या बैठकीत वही सहीसाठी तुमच्यापुढे आली की आधी इतिवृत्त वाचा. ‘विविध विषयांवर चर्चा झाली’ असे लिहिलेले असेल तर त्याखाली ठराव घालून घ्या : चालू तोट्या दोन, पट ६४०, आवश्यक दुरुस्तीचा अंदाजे खर्च इतका, मागणी अमुक विभागाकडे, सूचक अमुक, अनुमोदक अमुक. सूचक म्हणून स्वतःचे नाव लिहा. मग सही करा, आणि त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये काढून घ्या.